शेताखालून जाणारी वीज

विजेच्या तारा डोक्यावरून गेल्या तर सर्वांच्या डोळ्यांत खुपतात. जमिनीखालून गेल्या तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाहींत. म्हणून भूमिगत तार हा निरुपद्रवी मार्ग, असा शहरांतील माणसाचा सहज समज होतो. ज्या शेताच्या पोटांतून ती न्यावयाची, त्या शेताची बाजू मात्र निराळी आहे.

जर्मनींत सध्यां ह्या प्रश्नाचा मोठा अनुभव घेतला जात आहे. उत्तरेकडील वाऱ्यावर निर्माण होणारी वीज दक्षिणेकडील कारखान्यांना पुरविण्यासाठीं ‘सूदलिंक’ नांवाचा सुमारे ७०० किलोमीटरांचा मार्ग तेथें बांधला जात आहे. उंच मनोऱ्यांना लोकांचा कडवा विरोध झाला, आणि २०१५ च्या अखेरीस कायद्यानेंच अशा मार्गांवर भूमिगत केबलीस अग्रक्रम दिला. २०२३ सालीं कामास आरंभ झाला. एल्ब नदी ओलांडण्यासाठीं बोगदा आहे. पण मार्गाचा पुष्कळसा भाग शेतजमिनींतूनच जातो.

केबल पुरावयाची ती सुमारे दीड मीटर खोल. तेवढा चर खणणें अवघड नाहीं. अवघड आहे तें त्या चरापर्यंत पोंचणें. केबल प्रचंड रिळांवर गुंडाळून येते. एका मीटरास चाळीस किलो वजन धरलें, तर एका किलोमीटरचें रीळ चाळीस टनांचें होतें. वाहनाचें वजन त्याहून वेगळें. जोड जितके थोडे तितकी केबल भरंवशाची, म्हणून रीळ लहान करावें असें अभियंत्यास वाटत नाहीं. ओझें सोसावें लागतें तें मातीला.

सुपीक माती ही भरीव वस्तु नव्हे. तिचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो. त्या छिद्रांतून पाणी मुरतें, हवा खेळते, मुळें खालीं उतरतात. रुंद चाकें लावलीं तर वरच्या थरावरील दाब कमी होतो. पण खोलवर पोंचणारा दाब मुख्यतः चाकावरील एकंदर ओझ्यावर अवलंबून असतो. नांगराच्या टप्प्यांतील दबलेली माती पुन्हां मोकळी करतां येते. त्याखालची कित्येक वर्षें तशीच राहते. एका हंगामाचें पीक पैशानें भरून देतां येतें, दबलेली जमीन तशी देतां येत नाहीं.

ह्यासाठीं केबलीच्या आधीं वाटेची आंखणी करावी लागते. सडकेवरून शेतांत कोठें शिरावयाचें, वाटेंतील पूल किती भार पेलतील, लांब वाहन कोठें वळेल, जमिनींतील निचऱ्याच्या नळ्या कोठें आहेत, हें सर्व नकाशावर अगोदर उतरवितात. वरची काळी माती व खालची माती वेगवेगळ्या ढिगांत ठेवून त्याच क्रमानें परत घालतात. जड वाहनांसाठीं लोखंडी पत्रे अंथरतात, किंवा जाड कापडावर खडी पसरून तात्पुरता रस्ता करतात. काम संपल्यावर खडी उचलून नेतात. तुटलेल्या नळ्या जोडून देतात. पुढें कांहीं काळ लसूणघासासारखें खोल मुळांचें पीक घेतल्यास माती सावरण्यास मदत होते.

तरीहि सर्वांत मोठा प्रश्न ओलीचा. महाराष्ट्रांतील शेतकरी वापसा आल्यावांचून शेतांत पाभर घालीत नाहीं. कोरडी माती ओझें पेलते, ओली माती त्याखालीं चेपते. जर्मनींत २०१९ सालीं बांधकामांतील मृत्तिकारक्षणासाठीं डीआयएन १९६३९ हें प्रमाण प्रसिद्ध झालें. त्यानुसार नेमलेला मृत्तिकातज्ज्ञ उपकरणानें ओल पाहतो, आणि ती फार असल्यास जड यंत्रें थांबविण्यास सुचवितो. वापसा पाहण्याचीच ही शास्त्रीय रीत होय.

परंतु थांबलेल्या यंत्राचेंहि भाडें चढत असतें. वेळापत्रकांत पावसाचे दिवस मुळांतच धरलेले नसतील, तर तज्ज्ञाचा सल्ला कागदावरच राहतो आणि चाकें चिखलांतून फिरतात. म्हणून शेतांतील वाटेची खरी योजना जितकी नकाशावर, तितकीच दिनदर्शिकेवर करावी लागते. तींत राखून ठेवलेले रिकामे दिवस हे आळसाचे नव्हत. शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीला त्याच शेतांत धान्य पिकवितां यावें, ह्यासाठीं दिलेली ती किंमत आहे.