फी श्रावणात, सोयाबीन दिवाळीत

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात आणि आसपासच्या गावांत कास्तकाराच्या घरचा हिशेब पिकाच्या चालीनं चालतो. जूनमध्ये बियाणं आणि खत, तेही बहुतेकदा कृषी केंद्राच्या उधारीवर. ऑक्टोबरात सोंगणी, मग मळणी. माल बाजार समितीत गेला की दिवाळीच्या आगेमागे हाती पैसा. विद्यापीठाचं वर्ष मात्र भर पावसाळ्यात सुरू होतं. प्रवेशफेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये रंगात येतात आणि फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा पहिला महिना हे सगळं घरातली रोकड शेतात पेरलेली असताना एकदम दारात उभं राहतं.

त्यामुळे पुण्याला किंवा अमरावतीला पहिल्यांदाच खोली करून राहणाऱ्या पोराला ‘चहा कमी पी’ एवढाच सल्ला देणं थोडं अन्यायाचं आहे. त्याची खरी अडचण तारखांची असते. खर्च आधी, पीक नंतर आणि शिष्यवृत्ती त्याहूनही नंतर.

शिष्यवृत्त्या कमी नाहीत. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं पात्र मुलींसाठी ती निम्म्यावरून पूर्ण झाली. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांच्या वसतिगृह निर्वाह भत्त्याला पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढणाऱ्या माणसाचंच नाव तिथे शोभतं.

अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला 60 हजार, त्यातले 32 हजार जेवणाचे, 20 हजार राहण्याचे, 8 हजार निर्वाहाचे. दहा महिन्यांवर वाटले तर राहण्यासाठी महिन्याला दोन हजार पडतात. पुण्यात तेवढ्यात खोली मिळत नाही, चौघांच्या खोलीत एखादी कॉट मिळाली तर मिळाली.

या पैशाची वाट खात्यातून जाते आणि घोळ तिथेच होतो. आधारवर आधारित सरकारी रक्कम खाते क्रमांक पाहून येत नाही. आधार शेवटी ज्या खात्याशी जोडला, त्या खात्यात ती पडते. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी गावाकडच्या बँकेत काढलेलं खातं असतं. शहरात गेल्यावर नवं खातं उघडताना आधार जोडणीच्या चौकटीवरही खूण केली जाते. मग वडील गावच्या शाखेत पासबुक भरून आणतात आणि पैसा भलत्याच खात्यात पडून असतो. कोणतं खातं जोडलेलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. ते अर्ज भरण्याआधी पाहावं.

दुसरी गफलत याहून महागाची. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा केंद्राचा 60 टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, पण त्यात कॉलेजची फीही असते आणि ती सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. ऐन ओढगस्तीत खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की थकलेलं भाडं आधी आठवतं, हे समजण्यासारखं आहे. तो पैसा आपला नाही, हे मात्र आधीच कुणीतरी सांगायला हवं. बहुतेकदा कुणी सांगत नाही.

मधले महिने काढायला मोबाईलवरचं झटपट कर्ज हाताशी असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देण्याआधी सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं तथ्यपत्रक द्यावंच लागतं. ते न दाखवणाऱ्या ॲपपासून दूर राहिलेलं बरं. त्यापेक्षा बँकेचं शैक्षणिक कर्ज कितीतरी स्वस्त. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. व्याजाचा काटा मात्र पहिल्या दिवसापासून फिरतो. चार वर्षं दरवर्षी एक लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याजानंच 1 लाख 40 हजार साचतात. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मान्यताप्राप्त तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळातलं व्याज भरणारी केंद्राची योजना आहे. कर्ज घेतानाच शाखेत तिची चौकशी करावी, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चिखलीच्या तहसीलची फेरी पेरणीच्या गडबडीआधी, मे महिन्यातच उरकावी.

दुसऱ्या वर्षी हेच अर्ज पुन्हा नूतनीकरणासाठी भरावे लागतात. तोवर पोरगं शहरात रुळलेलं असतं आणि मुदतीची तारीख कॉलेजच्या सूचनाफलकावर लागलेली असते.