उरलेल्या औषधांचे दान

घरातील रुग्ण बरा होतो, किंवा दुर्दैवाने जातो, आणि कपाटात गोळ्यांची पाकिटे उरतात. हृदयविकाराची वा कर्करोगाची औषधे असतील, तर त्यांची किंमत हजारांत असते. ती फेकवत नाहीत. एखाद्या धर्मादाय दवाखान्यास द्यावीत, असे मनात येते. दिल्लीचे ओंकारनाथ शर्मा, म्हणजेच ‘मेडिसिन बाबा’, यांनी तर दारोदार फिरून अशी औषधे गोळा केली व गरजूंसाठी दिली.

भावना उदात्त खरी. परंतु रुग्णास एकदा दिलेले व परत आलेले औषध दानात देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले. नियम कठोर वाटतो, पण कारण साधे आहे. दुकानातून बाहेर पडल्यावर औषध कोठे व कसे ठेवले गेले, याची नोंद कोणाकडेच नसते. तापलेल्या कपाटात राहिलेली गोळी दिसायला जशीच्या तशी असते. गुण मात्र घटलेला असू शकतो. कापलेल्या पट्टीवर तर अनेकदा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीखही उरत नाही. फ्रान्सने घरोघरची परत आलेली औषधे गरजूंना पाठविण्याची प्रथा २००८ च्या अखेरीस बंद केली.

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात औषध कसे पोहोचते, हे पाहिले की फरक कळतो. तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. एकत्रित खरेदी, प्रयोगशाळेतील तपासणी, जिल्ह्याच्या गोदामात साठा, आणि बँकेच्या ग्राहकांना गंमत वाटेल, पण प्रत्येक रुग्णालयाच्या नावे चक्क पासबुक, अशी पद्धत त्याने बसविली. मंजूर रकमेतून किती औषध उचलले, ते त्यात लिहिले जाई. हातात पडलेली गोळी रुग्ण निर्धास्तपणे गिळतो, तो अशा तपासणीच्या आणि नोंदींच्या भरवशावर. पिशवीतून आलेल्या अनोळखी गोळ्यांना असा कोणताच आधार नसतो, आणि त्या घेणारा रुग्ण बहुधा तक्रार करण्याच्या स्थितीतही नसतो.

मग उरलेल्या औषधांचे काय करावे? केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये याविषयी मार्गदर्शन केले. तीव्र वेदनाशामकांसारखी १७ औषधे दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून शौचकूपात सोडून द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. इतर औषधे मात्र नाल्यात वा नदीत टाकू नयेत. ज्यांना दानच करावयाचे आहे, त्यांनी दवाखान्याकडून गरजेच्या औषधांची यादी मागून घ्यावी आणि नवी औषधे घेऊन द्यावीत, अथवा तेवढ्या रकमेचा धनादेश संस्थेच्या नावे द्यावा.