शेळीचा दवाखाना आणि आपला हिशेब

बीड जिल्ह्यात व्यापाराची गोष्ट निघाली की मोंढा, कापूस, ऊस आणि आमचे कापड यांचीच चर्चा होते. शेळीला कोणी व्यापारात धरत नाही. वास्तविक आपल्यातील किती घरांची रोजी या जनावरावर चालते याचा विचार करा. खाटीक, बकऱ्यांचे दलाल, कातड्याचे व्यापारी, आणि दारात दोन-चार शेळ्या बांधून घर चालवणाऱ्या बाया. ऊसतोडीला कुटुंब निघून गेले की मागे म्हाताऱ्यांजवळ बहुधा शेळीच राहते. आमच्या दुकानाची उधारीसुद्धा कित्येक गिऱ्हाईक बोकड विकून फेडतात. आपला जिल्हा उस्मानाबादी शेळीच्या मूळ पट्ट्यात येतो. (उस्मानाबाद २०२३ साली धाराशिव झाले, शेळीचे नाव मात्र तेच राहिले.) म्हणून या शेळीच्या डॉक्टरचा दिवस कसा जातो हे आम्ही जरा जवळून पाहिले.

सकाळी दवाखाना उघडण्याआधीच जनावरे आलेली असतात. कोणी रिक्षात, कोणी मोटारसायकलवर मांडीवर धरून, कोणी खांद्यावर. डॉक्टर आधी मालकाला विचारतात : कधीपासून खात नाही? रवंथ करते का? लेंडी कशी आहे? काल काय खाल्ले? या शेवटच्या प्रश्नाला खरे उत्तर क्वचितच मिळते. मग थर्मामीटर लागतो. शेळीचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, १०२ ते १०३ डिग्री; त्यामुळे कान धरून ताप ठरवणारे नेहमी फसतात. नंतर डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहतात. आम्ही कापडाचा रंग उजेडात नेऊन पाहतो, तसाच हा प्रकार. लालसर असेल तर ठीक, पांढरट पडला असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत असा संशय घ्यायचा. पावसाळ्यात हे दृश्य रोजचे.

लग्नसराईत आणि बकरी ईदच्या आधी वेगळीच गर्दी होते. लग्नाचा उरलेला भात, रोट्या शेळीपुढे टाकल्या जातात. ईदसाठी आणलेल्या बोकडाला तर घरातली सगळी मुले हौसेने गहू, मका, पाव चारत असतात. शेळीचे पोट चाऱ्यासाठी आहे. एकदम धान्य पडले की पोटात आम्ल तयार होते, जनावर फुगते, दात खाते, खाली बसते. वेळेवर आणले तर खाण्याचा सोडा, सलाईन आणि औषधाने बहुतेक वाचते. रात्रभर वाट पाहून सकाळी आणले तर डॉक्टरच्या हातात फारसे काही उरत नाही. कुर्बानीचे जनावर निरोगी असावे लागते, म्हणजे इथे मालकाचे दुहेरी नुकसान. हौस करायचीच तर हिरवा पाला चारावा.

आता मुख्य गोष्ट. दवाखान्यात सर्वांत जास्त वेळ औषधात जात नाही, हिशेबात जातो. समजा दहा हजारांचा बोकड आहे. मालक मनात म्हणतो, आधी गावातल्या इंजेक्शनवाल्याला दाखवू, नाहीच उतरले तर डॉक्टर. दोन दिवस तिथे जातात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरपुढे मरायला टेकलेले जनावर येते, आणि ते दगावले की बदनामी डॉक्टरची! आम्हा व्यापाऱ्यांना नुकसान लिहायची सवय आहे, पण हे नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही.

लसीचे पाहा. शेळ्यांची बुळकांडी, ज्याला डॉक्टर पीपीआर म्हणतात, हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा १९८७ साली तामिळनाडूत आढळला. तोंडात व्रण, नाकातून घाण, हगवण, मग निमोनिया. लहान करडे तर पटापट जातात. याच कुळातली गाई-बैलांची बुळकांडी लसीच्या जोरावर जगातून संपली, तसे २०११ साली जाहीर झाले. शेळ्यांच्या रोगावरही आपल्याच देशात तयार झालेली चांगली लस आहे. करडू चार महिन्यांचे झाले की टोचायची, सुमारे तीन वर्षे चिंता नाही. आंत्रविषाराची लस मात्र दरवर्षी, पाऊस पडण्याआधी. आणि नेकनूरच्या बाजारातून आणलेले नवे जनावर आल्या दिवशीच कळपात सोडू नये. तीन आठवडे वेगळे बांधावे. एका बोकडाच्या सौद्यात अख्खा कळप गेल्याची उदाहरणे दलालांना विचारा.

खाटीक बांधवांसाठी एक गोष्ट. इंजेक्शन दिलेले जनावर लगेच कापायला घेऊ नये. औषधाप्रमाणे काही दिवस ते काही आठवडे मांसात त्याचा अंश राहतो. विकत घेताना शेवटचे औषध कधी दिले हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, ती पाडायला हवी. तसेच गाभ टाकलेल्या शेळीला उघड्या हाताने हात लावू नये. त्यातून माणसाला ब्रुसेला नावाचा आजार होतो. ताप जातो-येतो, सांधे धरतात, आणि महिनोन्‌महिने निदान होत नाही.

डॉक्टरलाही धोका कमी नाही. शेळी लाळ गाळते, गिळता येत नाही, म्हणून घशात काहीतरी अडकले असे सांगून मालक आणतो. डॉक्टरने तोंडात हात घातला आणि ती पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेली निघाली, तर लस घेण्यासाठी त्यालाच धावावे लागते.

कुत्री-मांजरेही येतात, पूर्वीपेक्षा जास्त. मांजर तर आपल्या बऱ्याच घरांत असते. तिला ताप आला म्हणून कोणी घरातली पॅरासिटामॉलची गोळी देतो. माणसाची ही साधी गोळी मांजरासाठी विष आहे, एका गोळीतही ती मरू शकते. पोपट घेऊन येणारे असतात त्यांना डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगतात : आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पुण्या-मुंबईत नुसत्या कुत्र्या-मांजरांवर मोठमोठे दवाखाने चालतात. बीडमध्ये शेळीशिवाय भागणार नाही, असे आमचे मत. ज्यांची मुले बारावीला विज्ञान घेऊन बसली आहेत त्यांनी हा रस्ताही पाहावा. परभणीला १९७२ पासून आणि उदगीरला १९८७ पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर, शिक्षण साडेपाच वर्षांचे. आणि ज्यांच्या दारात शेळी आहे त्यांनी १९६२ हा नंबर लिहून ठेवावा. पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा आहे, फोनला पैसे पडत नाहीत.