मागचा ब्रेक धरून राहतो?

चोपडा-शिरपूर पट्ट्यात ऊसनोंदीसाठी फिरताना आमची मोटारसायकल जड चालू लागली. पेट्रोल जास्त, मागच्या ड्रमला हात लावला की चटका! आम्ही इंजिनाला दोष देत बसलो. खरे तर आदल्या दिवशी चेन ताणली होती. चेन ताणताना चाक मागे सरकते, ब्रेकचा रॉड ओढला जातो अन् लायनर ड्रमला घासत राहतात.

गाडी न्यूट्रल करून मेन स्टँडवर चाक हाताने फिरवा. अडले तर रॉडचा नट ढिला करा. पायडलला दोन-तीन सेंटिमीटर खेळ हवा. तरीही सुटेना, तर काळ्या चिखलाने कॅम जाम झाला असेल, नाहीतर स्प्रिंग ढिली. मिस्त्रीकडून कॅम साफ करून किंचित ग्रीस लावावे, लायनरला मात्र मुळीच नको. नट फार ढिला केलात, तर उसाच्या ट्रॉलीमागे ऐनवेळी ब्रेक लागणार नाही.