पाव तरंगलांबीवर पहारा

ठरावीक रंगाचाच प्रकाश पुढे जाऊ देणारा प्रकाशीय फिल्टर काचेवर अधिक आणि कमी अपवर्तनांकाचे, म्हणजे प्रकाशाचा वेग कमीअधिक घटवणारे, पातळ थर आलटूनपालटून चढवून घडवला जातो. ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशासाठी सिलिकॉन डायऑक्साइडचा पाव तरंगलांबीचा थर, वेग घटून तरंगलांबीही थरात आखूड होत असल्याने, जेमतेम ९४ नॅनोमीटर जाड असतो. निर्वात कक्षात पदार्थाची वाफ काचेवर साचत असताना ही जाडी दोन मार्गांनी मोजली जाते. एका मार्गात सेकंदाला सुमारे ६० लाख वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर थर साचून वस्तुमान वाढले, की त्याची कंप्रता घटते आणि त्या घटीवरून जाडी काढली जाते. दुसऱ्या मार्गात काचेतून प्रकाश सोडून पलीकडे पोचणारी तीव्रता सतत नोंदवली जाते. थर वाढताना तिचा आलेख चढतो वा उतरतो, पाव तरंगलांबी पूर्ण होताच वळतो, आणि त्याच क्षणी वाफेच्या वाटेवर झडप आडवी येते. वळणाशी आलेख जवळजवळ सपाट होत असल्याने तो क्षण हेरणे अवघड असते. तरीही सर्व थर त्याच काचेवर, त्याच तरंगलांबीने मोजले गेल्यास एका थरातील चूक पुढचा थर बऱ्याच अंशी भरून काढतो, आणि अरुंद पट्ट्याच्या फिल्टरांची अचूकता या स्वयंदुरुस्तीवरच उभी असते.