जुनी कानस, नवी सुरी : टाकाऊ पोलादातून टिकाऊ धंदा

जळगाव आणि धुळे येथील औद्योगिक वसाहतींत, लेथच्या लहानमोठ्या दुकानांत आणि आयटीआयच्या फिटर वर्गात दात गेलेल्या कानशी कोपऱ्यात साचत असतात. पुढे त्या भंगारात लोखंडाच्या भावाने जातात. भंगाराचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बांधवांना एवढेच सांगायचे आहे की, काट्यावर चढणारी ही पट्टी साधे लोखंड नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. चांगल्या कानशीत तो एक टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो. पोलादाला धार धरता येते ती या कार्बनमुळेच.

स्टेनलेसच्या स्वस्त सुऱ्या बाजारात ढिगाने मिळतात. त्यांच्याशी भावात झुंजण्यात कारागिराचे नुकसानच आहे. पण रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात केळीचे घड उतरवून फण्या वेगळ्या करणारा मजूर, मटणाचे दुकान चालविणारा कुरेशी बांधव, चामडे कापणारा कारागीर यांना दिवसभर धार टिकेल असे हत्यार लागते. बकरी ईदच्या आधी तर सुरीची मागणी घरोघरी असते. जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून सुरी तेज असावी, ही ताकीद आपल्याला आहेच. बोथट सुरी विकणाऱ्यानेही तिचा विचार करावा.

माल घेताना पारख हवी. काही हलक्या कानशी वरच्या थरापुरत्याच कडक केलेल्या असतात, आत नरम लोखंड असते. सहाणेच्या चाकावर टोक धरून पाहावे. अस्सल पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फाटे फुटून उडतात. नरम लोखंडाच्या लांब, सरळ आणि मोजक्या असतात. मात्र आधी वरचा थर घासून काढावा, नाहीतर हलकी कानसही अस्सल असल्यासारखी ठिणग्या देते.

कानस काचेसारखी ठिसूळ असते. थंड असताना तिच्यावर घण घालू नये; तुकडा उडून डोळा जाण्याची भीती असते. प्रथम तिला नरम करावे. भट्टीत लाल करून राखेच्या डब्यात पुरावी आणि रात्रभर तशीच थंड होऊ द्यावी. सकाळी तिच्यावर दुसरी कानस चालू लागते. आता आकार द्यावा, मुठीच्या रिव्हेटांची भोके पाडावीत आणि दात पूर्ण घासून काढावेत. जुन्या दातांच्या रेषा शोभेसाठी ठेवण्याची हौस अनेकांना असते. आमच्या मते ती महागात पडते. निदान धारेच्या बाजूला एकही खाच राहू देऊ नये, कारण पाणी देताना चीर तिथूनच जाते. धारेची कड या वेळी दीड मिलिमीटर जाड ठेवावी. अगदी पातळ केली तर ती भट्टीत वाकते.

पाणी देणे हीच या कामातली खरी कमाई आहे. आकार तर ग्राइंडर असलेला कोणीही देईल. पाते सावलीत तापवावे, उन्हात रंगाचा अंदाज चुकतो. जुन्या स्पीकरमधले चुंबक जवळ ठेवावे. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्यापुढे अगदी थोडे तापवून पाते लगेच तेलात सरळ बुडवावे. पिवळेधमक होईपर्यंत तापवले तर पोलादाचा दाणा मोठा होतो आणि पाते वाटाण्यासारखे फुटते. तेल शेंगदाण्याचे चालते. ते आधी ५०-६० अंशांपर्यंत कोमट करावे, कारण कोमट तेल पातळ होऊन पात्याला चांगले भिडते. पाते तेलात आडवे हलवू नये, वाकते. तेल पेट घेऊ शकते, म्हणून लोखंडी डब्याचे झाकण हाताशी असावे. जळत्या तेलावर पाणी कधीही टाकू नये.

तेलातून निघालेल्या पात्यावर कानस नुसती घसरली तर पाणी नीट बसले असे समजावे. पण हे पाते तसेच विकले तर पहिल्याच हाडावर तुटेल आणि गिऱ्हाईक कायमचे जाईल. त्याच तासात त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पाते घासून पांढरे करावे आणि २०० ते २३० अंशांवर तास-दोन तास ठेवावे. वाळल्या कडब्यासारखा पिवळा रंग आला की पुरे. निळा आला तर सुरीची धार टिकणार नाही. हे काम मोहल्ल्यातील पाव भट्टीत उत्तम होते. पावाचा घाणा निघाल्यावर तिथे साधारण एवढीच उष्णता उरते. भट्टीवाल्याशी संबंध चांगले असावेत, एवढेच!

कानशीचा सत्तूर मात्र करू नये. हाडावर घाव घालणाऱ्या हत्याराला चिवटपणा लागतो. त्यासाठी ट्रकच्या कमानीचा जुना पाटा बरा. धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्गावरील गॅरेजांत तो मिळतो.

मुठीला सागवान किंवा बाभूळ आणि पितळी रिव्हेट पुरेत. हे पोलाद गंजते, केळीच्या चिकाने आणि लिंबाने काळे पडते. सुरी पुसून तेलाचे बोट फिरवायला गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे.

सैकल म्हणजे हत्याराला चकाकी देणे. शिकलगार हा शब्द त्यावरूनच आला. हा हुन्नर आपल्याकडे पिढीजात आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार आणि अवजारे बनविणारेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि तारणाशिवाय पहिले कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्के व्याजाने, अशी त्यात तरतूद आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते.

एक सावधगिरी. शस्त्र कायदा १९५९ खालील नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते घरगुती, शेती किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेले नसेल तर ते शस्त्रात मोडते. म्हणून ८ किंवा १० इंची कानस घ्यावी, पाते ९ इंचांच्या आत ठेवावे आणि खंजिरासारखा दुधारी आकार टाळावा. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे व शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यांत सुऱ्याही येतात. त्या दिवसांत माल पाठवायचा तर कागदात गुंडाळून, पेटीत बंद करून, बिलासह पाठवावा आणि बिलावर ‘मटण सुरी’ किंवा ‘केळी सुरी’ असा उपयोग स्पष्ट लिहावा.