‘गो’चे ‘वेंट’ का?

‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात. वस्तुतः ‘वेंट’ हे ‘वेंड’ या निराळ्या क्रियापदाचे रूप होय. जसे ‘सेंड’चे ‘सेंट’, तसेच हे. ‘वेंड’चा प्राचीन अर्थ ‘वळणे’. पुढे ‘मार्ग क्रमणे’ असा झाला. ‘गो’चे जुने भूतकाळी रूप लोपले व १५ व्या शतकाच्या सुमारास त्याची जागा ‘वेंट’ने घेतली. मराठीत तरी वेगळे काय आहे? ‘जाणे’ हे संस्कृत ‘या’ धातूपासून आले, ‘गेला’ मात्र ‘गम्’पासून. कोकणीतही ‘वचप’, पण ‘गेलो’! जो अपवाद मातृभाषेत आपण न घोकता आत्मसात केला, त्याचे इंग्रजीत भय कशाला बाळगावे?